आदिवासी घरातील जुने ताट आणि हृदयाचे आरोग्य: टप्प्याटप्प्याने करावयाच्या बदलांचा मार्गदर्शक

डोंगरातल्या माणसाला रक्तदाब होत नाही, ही समजूत शहरात अजून पक्की आहे आणि ती आता खरी राहिलेली नाही. राष्ट्रीय पोषण संनियंत्रण मंडळाने २००७-०८ मध्ये महाराष्ट्रासह नऊ राज्यांच्या आदिवासी भागांत जी पाहणी केली, तिच्यात प्रौढ पुरुषांपैकी २५ टक्के आणि स्त्रियांपैकी २३ टक्के जणांचा रक्तदाब वाढलेला आढळला. डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने २०१८ च्या आदिवासी आरोग्याच्या अहवालात हीच गोष्ट चारांत एक अशी मांडली. गडचिरोलीच्या ग्रामीण भागातील ८६ गावांत 'सर्च' संस्थेने मृत्यूंची कारणे तपासली, तेव्हा पहिला क्रमांक पक्षाघाताचा निघाला आणि दर सात मृत्यूंपैकी एक त्याचा होता. पक्षाघाताचे सर्वांत मोठे कारण वाढलेला रक्तदाब हेच असते.

तरीही जुन्या आहाराबद्दलचा विश्वास निराधार नाही. बोलिव्हियातील त्सिमाने या आदिवासींपैकी ४० वर्षांवरील ७०५ जणांच्या हृदयाचे सीटी स्कॅन करून २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांतील ८५ टक्के लोकांच्या हृदयाच्या धमन्यांत कॅल्शियमचा साठा, म्हणजे धमन्या कडक होत असल्याची खूण, मुळीच नव्हता. त्यांच्या जेवणात सुमारे ७२ टक्के ऊर्जा पिष्टमय पदार्थांतून, म्हणजे भात, केळी, कसावा आणि मका यांतून येत होती. ऑस्ट्रेलियात केरिन ओ'डी यांनी १९८२ मध्ये मधुमेह असलेल्या दहा मूलनिवासी व्यक्तींना सात आठवडे त्यांच्या पूर्वजांच्या भूमीत, शिकार आणि कंदमुळांवर राहू दिले. त्यांचे वजन सरासरी आठ किलोने उतरले आणि रक्तातील ट्रायग्लिसराइड ही चरबी एक तृतीयांशाच्या आसपास आली. हवाईतील वायअनाए येथे वीस मूळ रहिवाशांनी तीन आठवडे अळूचे कंद, रताळी, पालेभाज्या आणि थोडे मासे असे पोटभर जेवण घेतले, तेव्हा त्यांचे कोलेस्टेरॉल सरासरी २२२ वरून १९१ वर आले. हा शेवटचा अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला.

या तीन ठिकाणांचे अन्न एकमेकांशी जुळत नाही. जुळते ते एवढेच, की अन्न फारशी प्रक्रिया न करता खाल्ले जाते, तेल आणि मीठ अगदी कमी लागते, कारखान्यातून आलेले जवळजवळ काही नसते आणि पहिल्या दोन ठिकाणी अन्न मिळवण्यासाठी शरीरही राबते. म्हणून एखाद्याच धान्याला किंवा भाजीला औषधाचा दर्जा देणे मला चुकीचे वाटते. ताट संपूर्ण परत यावे लागते, आणि ते कोणत्या क्रमाने परत आणावे हे पुढे सांगितले आहे. हे लिखाण मुख्यतः पालघर, नाशिक, अकोले आणि नंदुरबारच्या पट्ट्यातील वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकर, भिल्ल आणि पावरा घरांतील शिकलेल्या मुलामुलींसाठी, आशाताईंसाठी आणि आश्रमशाळांतील शिक्षकांसाठी आहे. जुने दिवस पोटभर नव्हते, आषाढ-श्रावणात चूल दोन-दोन दिवस थंड राहत असे, याचाही विसर पडता कामा नये. परत आणायचे आहे ते जुने अन्न, उपासमार नव्हे.

पहिली पायरी: आधी मोजावे

आहारात काहीही बदलण्यापूर्वी घरातील तीस वर्षांवरील प्रत्येकाचा रक्तदाब आणि रक्तातील साखर उपकेंद्रात तपासून घ्यावी. ही तपासणी तेथे मोफत होते. रक्तदाब मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, विडी, तंबाखू घेऊ नये, पाच मिनिटे पाठ टेकून स्वस्थ बसावे आणि दंड हृदयाच्या पातळीवर ठेवावा. डोंगर चढून आल्या आल्या दंडाला पट्टा गुंडाळला, तर आकडा वाढलेलाच दिसतो. दोन वेगवेगळ्या दिवशी १४०/९० किंवा त्याहून अधिक आकडा आला, तर तो उच्च रक्तदाब समजावा आणि डॉक्टरांना दाखवावे.

दुसरे मोजमाप स्वयंपाकघराचे आहे. एका वहीत महिनाभर दुकानातून आलेले मीठ, तेल, साखर आणि पुड्यांतला खाऊ लिहून ठेवावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते माणसाने दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. त्या हिशेबाने पाच प्रौढांच्या घरात मिठाचा एक किलोचा पुडा चाळीस दिवस पुरला पाहिजे. तो पंधरा-वीस दिवसांत संपत असेल, तर रक्तदाबाचे कारण शोधायला दूर जावे लागणार नाही. तेलाचा हिशेबही असाच करावा. माणशी दिवसाला २० ग्रॅम धरले, तर पाच जणांना महिन्याला तीन किलो तेल पुरते.

वहीच्या मागच्या पानावर आजीला विचारून तिच्या तरुणपणीचे वर्ष महिन्यामहिन्याने लिहून घ्यावे: पेरणीच्या वेळी काय खात होते, भाताची लोंबी येईपर्यंत काय होते, शिमग्याला काय होते. हे पान पुढच्या प्रत्येक पायरीला उपयोगी पडते, कारण आपल्या गावाच्या शिवारात काय होते आणि काय अजून मिळू शकते, हे कोणत्याही पुस्तकापेक्षा तिला अधिक ठाऊक असते.

दुसरी पायरी: मीठ

बहुतेक ठिकाणी सुरुवात नाचणीपासून करायला सांगतात. ज्या समाजात दर चौथ्या माणसाचा रक्तदाब वाढलेला आहे, तिथे सुरुवात मिठापासून व्हायला हवी. ॲमेझॉनच्या जंगलातील यानोमामी लोक बाहेरून मीठ आणत नव्हते. १९८८ च्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात त्यांचा सरासरी रक्तदाब सुमारे ९६/६१ भरला आणि वयानुसार तो वाढतही नव्हता. इतके कमी मीठ खाणे आपल्याला शक्य नाही आणि तसे करण्याचे कारणही नाही, पण मिठाचा आणि रक्तदाबाचा संबंध किती घट्ट आहे हे त्यावरून कळते.

आपल्याकडे मीठ वाढण्याची वाट ठरलेली आहे. भाकरीच्या पिठात मीठ घालत नाहीत, त्यामुळे भाकरी निर्दोष असते. पण ताटातली भाजी आणि डाळ कमी झाली, की भात किंवा पेज घशाखाली उतरवण्यासाठी मिरची-मिठाची चटणी, खारवलेले मासे आणि लोणचे वाढत जाते. म्हणजे मीठ कमी करायचे असेल, तर कालवण परत आणावे लागते; नुसते मिठाच्या डब्यावर लक्ष ठेवून भागत नाही. दुसरा आधार आंबट चवीचा आहे. अंबाडीची पाने आणि बोंडे, चिंच, आमसूल, कैरीची आंबोशी, काकड या रानझाडाची आंबट फळे यांपैकी काहीतरी प्रत्येक गावात असतेच, आणि आंबट कालवणाला मीठ कमी पडले तरी जीभ तक्रार करत नाही. मीठ दर आठवड्याला थोडे थोडे कमी करावे, म्हणजे महिना-दीड महिन्यात चव बसते. सुका जवळा किंवा बोंबील घेताना उन्हात नुसता वाळवलेला निवडावा. मीठ लावलेला घेतल्यास दोन-तीन पाण्यांतून धुवावा आणि मग कालवणात वेगळे मीठ घालू नये. मीठ कमी वापरले तरी ते आयोडीनयुक्तच असावे.

लहान मुलांच्या हातातील पाच-दहा रुपयांच्या तिखटमिठाच्या पुड्या ही आज पाड्यापाड्यावरची सर्वांत मोठी नवी सवय आहे. त्या जागी भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, उकडलेली रताळी किंवा करांदे द्यावेत.

तिसरी पायरी: धान्य

स्वस्त धान्य दुकानातून मिळणारा तांदूळ आणि गहू हा गरीब घराचा आधार आहे. तो सोडावा असे कोणी सांगू नये. बदल करायचा तो प्रमाणात. दिवसातून एक जेवण नागलीचे (म्हणजे नाचणीचे), वरईचे, ज्वारीचे किंवा बाजरीचे करावे आणि महिनाभराने ते सर्वांच्या पोटाला आणि जिभेला मानवले, की दुसऱ्या जेवणाचा विचार करावा. गिरणीत पांढरा केलेल्या शंभर ग्रॅम तांदळात तीन ग्रॅमच्या आत तंतू असतात. तेवढ्याच नागलीत ते अकरा ग्रॅमच्या आसपास असतात आणि शिवाय साडेतीनशे मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम मिळते. नागलीचा दाणा इतका बारीक असतो, की त्याचा कोंडा काढण्याच्या फंदात कोणी पडत नाही, म्हणून पिठात तो आपोआप राहतो. वरईचे तसे नाही. तिचे टरफल काढावेच लागते, पण यंत्रावर पांढरीशुभ्र होईपर्यंत ती पॉलिश केली, तर कोंडाही जातो आणि उरतो तो भाताचाच दुसरा प्रकार. गिरणीवाल्याला एकच फेरा द्यायला सांगावे, किंवा जाते आणि उखळ घरात असल्यास थोडी वरई घरी सडावी.

नागलीची भाकर नव्या पिढीच्या हातून मोडते, आणि तिथेच पुष्कळ घरांत हा प्रयत्न थांबतो. या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून पाणी कढत घ्यावे, ते पिठात ओतून उलथण्याच्या टोकाने ढवळावे, हाताला सोसेल इतके निवले की तळहाताच्या टाचेने चांगले रगडून मळावे आणि पीठ गरम असतानाच भाकर थापावी. खापरीवर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवावा, पाणी सुकू लागताच भाकर उलटावी आणि शेवटी विस्तवाच्या कडेला उभी करून फुगू द्यावी. पीठ आठ-दहा दिवसांपुरतेच दळून आणावे.

आंबील करायची असल्यास पीठ रात्री ताकात किंवा पाण्यात कालवून ठेवावे, सकाळी उकळत्या पाण्यात ढवळत शिजवावे आणि निवल्यावर ताक, ठेचलेली लसूण आणि चिमूटभरच मीठ घालावे. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी पातळ पेजेपेक्षा भाकर निवडावी, कारण पातळ शिजवलेले पीठ लवकर पचून साखर झपाट्याने वाढवते. नाचणीचे सत्त्व गाळून काढतात, त्यामुळे त्यात तंतू फारसे उरत नाहीत. आणि नाचणीच्या नावाने मिळणाऱ्या बिस्किटांत बहुधा मैदा, साखर आणि वनस्पती तूप असते. हृदयासाठी या दोन्हींचा उपयोग नाही.

चौथी पायरी: डाळ आणि तेल, एकाच शेताचे

वरकस, म्हणजे उताराच्या हलक्या जमिनीत पहिल्या वर्षी नागली, दुसऱ्या वर्षी वरई आणि मग उडीद किंवा खुरासणी (कारळे), असा फेरपालट सह्याद्रीच्या उतारांवर पिढ्यान्पिढ्या चालत आला आहे. जमिनीसाठी ठरलेला हा क्रम ताटासाठीही पूर्ण होता: धान्य, डाळ आणि तेल एकाच माळावरून येत होते. नागली ठेवली आणि उडीद-खुरासणी सोडली, की हे ताट लंगडे होते. हुलगे, उडीद, तूर, लाल चवळी, वाल यांतील विरघळणारे तंतू आतड्यात पित्ताम्ले धरून ठेवतात. नवी पित्ताम्ले तयार करण्यासाठी यकृत रक्तातील कोलेस्टेरॉल वापरते, आणि अशा रीतीने वाईट कोलेस्टेरॉल उतरते. माणशी दिवसाला एक वाटी घट्ट डाळ किंवा उसळ हे लक्ष्य ठेवावे. सालीसह डाळ घ्यावी, आणि हुलगे रात्री भिजवून, मोड आणून शिजवावेत.

दुकानातील सुट्या तेलाच्या जागी हळूहळू खुरासणीचे किंवा शेंगदाण्याचे घाण्याचे तेल आणावे. पामतेलातील जवळजवळ निम्मी चरबी संपृक्त प्रकारची असते आणि तीच कोलेस्टेरॉल वाढवते; सणाच्या शिध्यात ते मिळाले, तर रोजच्या फोडणीला न लावता क्वचितच्या तळणापुरते ठेवावे आणि तळून उरलेले तेल पुन्हा पुन्हा तापवू नये. मोहाच्या बियांचे तेल थंडीत गोठते, यावरूनच त्यातही संपृक्त चरबी बरीच असल्याचे ध्यानात येते. ते आपले म्हणून भरपूर खावे असे नाही. विदर्भात जवस सहज मिळतो आणि त्याच्या तेलाचा निम्मा भाग ओमेगा-३ प्रकारचा असतो. भाजून कुटलेल्या जवसाची एक-दोन चमचे चटणी रोज खाल्ली तरी पुरे, फक्त तिच्यात मीठ ओतू नये.

पाचवी पायरी: रानभाज्या

पावसाळ्यात कवळा, कुर्डू, टाकळा, भारंगी, लोत, करटोली आणि बाफळी यांनी डोंगर भरलेला असतो. मीठ रक्तदाब चढवते आणि पालेभाज्यांतील पोटॅशियम तो उतरवायला मदत करते, म्हणून या चार महिन्यांत रोज एक भाजी ताटात असावी. टाकळा आणि कवळा फुलावर येण्यापूर्वी, कोवळे असतानाच खुडावेत. उरलेल्या आठ महिन्यांसाठी परसात शेवगा, अंबाडी आणि अळू असले, की भाजीसाठी बाजाराचे तोंड पाहावे लागत नाही.

रानभाजी ओळखीच्या माणसाकडूनच शिकावी. शेवळा पहिल्या पावसाच्या सुमारास वर येतो; त्याच्यातील सुईसारखे बारीक स्फटिक घशाला टोचतात, म्हणून तो काकडाच्या फळांचा रस किंवा चिंच घालून नीट शिजवावा लागतो. कडूकंदाचे काम याहून कठीण आहे: कंद पातळ चिरायचे, राख घालून उकळायचे आणि टोपलीत भरून रात्रभर वाहत्या ओढ्यात ठेवायचे, तेव्हा कुठे त्याचा विषारी कडूपणा जातो. यातील एक पायरी घाईने उरकली, तरी उलट्या आणि चक्कर येते. अळिंब्यांच्या बाबतीत तर फोटो पाहून निर्णय घेणे जिवावर बेतू शकते. घरातल्या जाणत्या बाईने होकार दिल्याशिवाय त्या चुलीवर चढवू नयेत.

मासे, खेकडे, गावठी अंडी आणि कोंबडी आठवड्यातून दोन-तीनदा कालवणाच्या रूपात घ्यावीत, तळून घेऊ नयेत. वन्यप्राण्यांची शिकार १९७२ च्या कायद्याने बंद आहे आणि हृदयासाठी तिची गरजही नाही.

सहावी पायरी: तंबाखू, दारू, कष्ट

तंबाखू, खर्रा, मिश्री आणि विडी चालू ठेवून आहार बदलण्याचा फारसा उपयोग होत नाही, कारण निकोटीन रक्तवाहिन्या आवळते, रक्तदाब चढवते आणि विडीचा धूर रक्ताच्या गुठळ्या होण्यास मदत करतो. हे व्यसन एकट्याने सुटत नाही. गडचिरोलीत २०१६ पासून 'मुक्तिपथ' या उपक्रमात गावे एकत्र येऊन तंबाखू आणि दारूविरुद्ध उभी राहिली, तो मार्ग इतरत्रही चालण्याजोगा आहे. मोहाचे फूल दारूपेक्षा अन्न म्हणून फार मोलाचे आहे. वाळवून, भाजून त्याचे लाडू करावेत किंवा ते पिठात कुटून घालावे. त्यात साखर पुष्कळ असल्याने मधुमेह असलेल्यांनी मात्र ते बेताने खावे.

त्सिमाने पुरुष दिवसाचे सहा-सात तास आणि स्त्रिया चार-सहा तास हिंडण्या-राबण्यात घालवतात. शेतात राबणाऱ्या बायकांना व्यायाम सांगण्याची गरज नाही, पण मोटारसायकलवर बाजाराला जाणाऱ्या आणि कंपनीत बारा तास उभे राहणाऱ्या मुलांना रोज निदान अर्धा-पाऊण तास झपाझप चालणे सांगावे.

सातवी पायरी: औषधे आणि सावधगिरी

रक्तदाबाची गोळी चालू असेल, तर आकडा खाली आला तरी ती स्वतःच्या मनाने बंद करू नये; आकडा खाली आला आहे तो बहुधा त्या गोळीमुळेच. डोस कमी करायचा की नाही, हे डॉक्टरच ठरवतील. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने जेवण बदलताना पहिल्या महिन्यात साखर वरचेवर तपासावी, कारण अन्न बदलले आणि औषध तेच राहिले, तर साखर एकदम उतरू शकते. हृदयाची झडप बदललेल्या रुग्णांना रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिन किंवा ॲसेनोकूमारॉल देतात. पालेभाज्यांतील के जीवनसत्त्व या औषधांच्या विरुद्ध काम करते, म्हणून अशा माणसाने भाजी बंद न करता तिचे प्रमाण वर्षभर सारखे ठेवावे आणि पावसाळ्यात ती एकदम वाढवू नये. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी पालेभाज्या, कंद आणि बाजारातील 'कमी सोडियम'चे मीठ डॉक्टरांना विचारूनच घ्यावे, कारण या सर्वांतून पोटॅशियम मिळते आणि ते त्यांच्या रक्तात साठते.

छातीत दडपण येऊन घाम फुटला, दुखणे जबड्यात किंवा हातात उतरले, तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले किंवा एक हात लुळा पडला, तर त्याच क्षणी १०८ वर फोन करावा. भगताला बोलवायचे असेल तर रुग्ण दवाखान्यात पोहोचल्यावर बोलवावे. या पहिल्या काही तासांचे मोल पुढच्या सगळ्या पथ्यांपेक्षा जास्त आहे.

रक्तदाब महिन्यातून एकदा आणि कोलेस्टेरॉल तीन महिन्यांनी तपासून वहीत लिहावे. मीठ-तेलाच्या नोंदीशेजारीच हे आकडे असले, की कोणता बदल लागू पडला हे घरातल्या सर्वांना दिसते.

आठवी पायरी: बियाणे

दुकानातून विकत आणलेल्या नाचणीवर गरीब घर वर्षभर टिकणार नाही, म्हणून शेवटी हा प्रश्न शेतापाशी येतो. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या पद्मश्री राहीबाई पोपेरे यांनी नागली, वरई, भात, वाल आणि भाज्यांची गावठी बियाणी जपून त्यांची बँक उभी केली आहे. आपल्या गटातील महिलांनी अशी बँक पाहून यावी आणि बी परतबोलीवर आणावे. जंगलातील भाजी, कंद आणि मोहफुलांसाठी २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला दिलेला सामूहिक हक्क मागावा. गडचिरोलीतील मेंढा-लेखा या गावाला तो २००९ मध्येच मिळाला होता. आश्रमशाळेच्या भोजनात आठवड्यातून दोनदा नागलीची भाकर आणि उडदाची डाळ द्यावी, असा ठरावही ग्रामसभेत करता येतो.

पाच माणसांच्या घरात रोज एका वेळेला माणशी शंभर ग्रॅम नागली धरली, तर वर्षाला सुमारे १८० किलो लागते. हेक्टरी एक टनाच्या आसपास उत्पन्न धरले, तर ती अर्ध्या एकरात निघते आणि रोपे लावून शेती केल्यास त्यासाठी बी साधारण एक किलो पुरते. कापणीच्या वेळी भरदार, न लोळलेल्या धाटांची कणसे आधी वेगळी काढावीत, उन्हात खडखडीत वाळवावीत, राखेत मिसळून मडक्यात भरावीत आणि त्यावर वाणाचे नाव व वर्ष लिहून ठेवावे. मे महिन्यात राब (रोपांच्या जागेवर पसरलेला पालापाचोळा) भाजायच्या आधी मूठभर बी ओल्या फडक्यात बांधून ते उगवते का, हे पाहून घ्यावे.